आषाढाची कणगी आणि कर्जाची वही



जून महिना लागला, की आपल्या सुरंगीच्या परिसरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक पाऊस आणि दुसरी उधारी. बियाणे हवे असते, खत हवे असते, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च समोर असतो. घरातील कणगीचा तळ दिसू लागलेला असतो आणि नवे भात हाती येण्यास अजून चार-पाच महिने अवकाश असतो. अशा वेळी घरधनी कोणाच्या तरी दारात उभा राहतो. कर्ज शेतीसाठी काढले असे आपण म्हणतो, पण नीट आठवून पाहिले तर त्यातील बराच भाग चुलीवर गेलेला असतो.

म्हणून कर्जातून बाहेर पडण्याची वाटही चुलीपासूनच सुरू होते. एखाद्या वर्षी पीक भरघोस आले म्हणजे सारे फिटेल, या आशेवर अनेक घरे वर्षानुवर्षे बसून राहतात. घरातील रोजचा व्यवहार मात्र आपल्या हातात असतो. त्याविषयी या लेखात चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पूर्वीचे दिवस विसरू नयेत

आपल्या शेजारच्या डहाणू, तलासरी व उंबरगाव भागातील वृद्ध माणसांना 'लग्नगडी' हा शब्द अजून ठाऊक असेल. लग्नासाठी वारली तरुण जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलत असे. ती फिटेपर्यंत त्याने व त्याच्या बायकोने जमीनदाराच्या शेतावर व घरी राबायचे, असा करार असे. हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि अक्षरओळखही त्यालाच. त्यामुळे कर्ज फिटत नसे आणि माणूस सुटत नसे. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत झुगारून दिली. पुढे १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. उचल घेतली म्हणून कोणाला बांधून ठेवता येत नाही आणि वेठीचे कर्ज फेडण्याचे बंधनही उरत नाही, असे त्या कायद्याने ठरले.

आपल्या हवेलीत १९५४ साली पोर्तुगीज अंमल संपला. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली. आजोबांनी कष्टाने मिळवलेली ही मोकळीक नातवाने उधारीत घालवू नये, एवढीच या आठवणीमागची इच्छा.

आधी वही उघडावी

ज्या घरात कर्ज आहे, तेथे बहुधा एक माणूस सारे मनात ठेवून असतो. नवरा सावकाराचे बायकोला सांगत नाही आणि बायको बचत गटाचे नवऱ्याला सांगत नाही. दुकानदाराची उधारी कोणीच मोजत नाही. मग रात्री झोप येत नाही, डोके दुखते, लहानसहान गोष्टीवरून भांडण होते, कोणी ताडी-दारूकडे वळतो. हे कर्जाचेच आजार आहेत.

यावर पहिला उपाय चाळीस पानी वहीचा. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर नवरा-बायकोने एकत्र बसावे. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जवळ घ्यावे. प्रत्येक कर्जासाठी चार रकाने काढावेत : कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती आणि फेडायचे कधी. काहीही लपवू नये. गहाण टाकलेला दागिना, मुकादमाची उचल, भावाकडून घेतलेले हातउसने, दुकानातील खाते, सारे त्यात यावे. बेरीज पाहून छाती दडपेल. तरीही मोजलेले कर्ज न मोजलेल्या कर्जापेक्षा बरे, कारण मोजल्यावर त्याला हात घालता येतो.

कोणते कर्ज आधी फेडावे?

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका घरावर तीन कर्जे आहेत. खासगी सावकाराचे १२,००० रुपये, महिन्याला शेकडा पाच दराने. बचत गटाचे ८,००० रुपये, महिन्याला शेकडा दोन दराने. बँकेचे पीक कर्ज १६,००० रुपये, वर्षाला शेकडा सात दराने. रक्कम बँकेची मोठी दिसते, म्हणून तिची धास्ती अधिक वाटते. आता महिन्याचे व्याज पाहा. सावकाराचे ६०० रुपये, गटाचे १६० रुपये आणि बँकेचे सुमारे ९३ रुपये. घर पोखरणारी वाळवी कोणती, हे लगेच कळते.

हे कुटुंब सावकाराला दरमहा ६०० रुपयेच देत राहिले, तर वर्षाला ७,२०० रुपये जातील आणि १२,००० रुपयांचे मुद्दल जसेच्या तसे उभे राहील. पण समजा, त्यांनी ओढाताण करून दरमहा १,५०० रुपये बाजूला काढले. गटाच्या सभेत सांगून तेथे काही महिने फक्त १६० रुपये व्याज भरले आणि उरलेले १,३४० रुपये सावकाराला दिले. तर तेराव्या महिन्यात सावकाराचे खाते मिटते. त्यानंतर तेच १,३४० रुपये गटाच्या मुद्दलाकडे वळवावेत. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी किंवा वहीत सही घ्यावी, आणि शेवटच्या हप्त्याला चिठ्ठी व गहाण वस्तू परत मागून घ्यावी.

बँकेचे पीक कर्ज मात्र मुदतीत भरण्यास चुकू नये. किसान क्रेडिट कार्डावरील तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जाला शेकडा सात व्याज पडते. वेळेत फेडल्यास सवलत मिळून ते शेकडा चारवर येते. मुदत चुकली, की सवलत गेली.

दारात येऊन कर्ज देणाऱ्यांबद्दलही सावध राहावे. एकाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्याचे घेतले, तर कर्ज फिटत नाही, ते फक्त घर बदलते. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून लागू केलेल्या नियमाप्रमाणे, अशा लहान कर्जदार कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. सही करण्यापूर्वी हा हिशेब त्यांना विचारावा.

आषाढाची कणगी

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पावसाळ्यात धान्य संपले, की ते सवाईने, दिढीने, कधी दुपटीने आणावे लागे. दिढी म्हणजे जूनमध्ये एक मण घ्यायचे आणि नोव्हेंबरमध्ये दीड मण द्यायचे. पाच महिन्यांत शेकडा पन्नास, म्हणजे महिन्याला शेकडा दहा झाले. कोणत्याही पिकाला एवढी बरकत नसते. आज धान्याऐवजी पैसे उसने घेतले जातात, पण महिने तेच आहेत.

म्हणून भात झोडून झाल्यावर विकण्यापूर्वीच आषाढाची कणगी वेगळी भरावी. किती भरावी? पाच माणसांचे घर असेल आणि माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरले, तर महिन्याला ६० किलो लागते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, म्हणजे पाच जणांना २५ किलो. उरले ३५ किलो. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांना १७५ किलो तांदूळ लागेल. भाताचा साधारण दोन-तृतीयांश भाग तांदूळ धरला, तर सुमारे २६५ किलो भात झाले. आपल्या घरची माणसे मोजून ज्याने त्याने हा हिशेब करावा. नागली, वरई पिकत असेल तर तेवढे भात कमी चालेल.

दाणा कडक उन्हात चांगला वाळवावा. दाताखाली धरल्यावर तो कट्‌कन तुटला पाहिजे. कणगी शेण-मातीने लिंपून, वाळवून, जमिनीपासून उंच ठेवावी. थरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. तोंड बंद करून त्यावर मातीचा लेप द्यावा आणि पावसाळा लागेपर्यंत तो फोडू नये. पाहुणे आले, लग्न निघाले, भाव चढला, तरी ही कणगी घराच्या पोटाची आहे हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. बियाण्याचे भात तर त्याहूनही वेगळे असावे.

काय कमी करावे आणि काय करू नये

कर्ज फेडायचे ठरले, की घरात पहिली कात्री कोठे लागते? बहुधा आईच्या ताटाला. ती सर्वांना वाढते आणि तळाला उरलेले खाते. डाळ पातळ होते आणि बाळाचे दूध बंद होते. ही बचत नव्हे. चार महिन्यांनी तीच बाई आवणीच्या चिखलात चक्कर येऊन बसते आणि वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात. डोळ्याची खालची पापणी आतून पांढरट दिसणे, थोड्या कामाने धाप लागणे, सतत थकवा वाटणे ही अंगात रक्त कमी असल्याची लक्षणे असू शकतात. असे दिसल्यास आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत.

डाळ, तेल, आयोडीनयुक्त मीठ, मुलांचे शिक्षण आणि चालू औषध यांवर कात्री लावू नये. बांधावर तूर व वाल लावावेत, परड्यात शेवगा आणि पपई असावी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू अशा भाज्या रानात फुकट मिळतात. नागलीच्या भाकरीची लाज वाटू देऊ नये. अंगात बळ देणारे ते आपले जुने अन्न आहे.

कमी करायचे तर तंबाखू, दारू, दुकानातील पुड्यांचा खाऊ, गरज नसता मोटारसायकलची फेरी आणि फोनवरील खर्च पाहावा. रोजचे ३० रुपये वाचले, तरी महिन्याला ९०० रुपये होतात. वरच्या उदाहरणातील सावकाराचे महिन्याचे व्याज त्यात भागून ३०० रुपये उरतात. घरातला कोणी सिल्व्हासाच्या कारखान्यात कामाला असेल, तर पगाराच्या दिवशीच हप्ता बाजूला काढावा. महिनाअखेरीस उरेल ते देऊ म्हटले, तर उरत नाही.

आजारपण आणि लग्न

घर पुन्हा कर्जात पडते ते दोन प्रसंगांनी. आजार अंगावर काढून शेवटी धावपळ केली, की खर्च वाढतो. वेळीच आरोग्य केंद्र गाठावे. सिल्व्हासाच्या श्री विनोबा भावे शासकीय रुग्णालयातही उपचार मिळतात. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. पात्र असल्यास कार्ड आजारी पडण्याआधीच काढून ठेवावे.

लग्नाची गोष्ट मनाला लागणारी आहे, तरी बोलणे भाग आहे. लग्नगडी गेला, पण लग्नाचे कर्ज गेलेले नाही. मंडप, बाजा, जेवणावळ यांत दोन दिवस जातात आणि हप्ते भरण्यात नव्या जोडप्याची पहिली तीन वर्षे जातात. देवळातील लग्नविधी साध्या कपड्यांतही तितकाच पवित्र असतो. वर आणि वधू या दोन्ही घरांनी आधी बसून खर्चाचा आकडा ठरवावा. गावातील दोन-चार मान्यवर घरांनी साधे लग्न करून दाखविले, तर बाकीच्यांची भीड मोडते.

एकट्याने जड, मिळून हलके

जर्मनीत १८४६-४७ च्या दुष्काळात रायफायझेन नावाच्या एका गावप्रमुखाने लोकांना पाव व धान्य उधारीवर मिळण्याची सोय केली. पुढे १८६४ साली त्यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. सुरुवात भाकरीपासूनच झाली होती. तीच कल्पना घेऊन फादर जॉन बाप्टिस्ट हॉफमन यांनी १९०९ साली छोटानागपूरच्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभारली. आपल्या मराठी मुलखात वसईच्या कॅथॉलिक समाजाने १९१८ साली सुरू केलेल्या पतसंस्थेतून पुढे बसीन कॅथॉलिक बँक वाढली. या सर्व ठिकाणी गरीब माणसांनी थोडे थोडे जमवून एकमेकांची नड भागवली.

नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला. आज असे गट गावोगाव आहेत. आपल्या पाड्यावरील गटाने पैशाबरोबर धान्यही जमवावे. प्रत्येक घराने सुगीत दहा किलो भात दिले, तर वीस घरांचे २०० किलो होते. आषाढात ज्याला नड पडेल त्याने दहा किलो न्यावे आणि सुगीत अकरा किलो आणून द्यावे. दिढीचा विचारही मग कोणाला करावा लागणार नाही.

कर्ज एका वर्षात झालेले नसते आणि ते एका वर्षात फिटतही नाही. मध्ये एखादा पाऊस दगा देईल, एखादे जनावर मरेल, एक-दोन हप्ते चुकतील. तेव्हा वही फेकून देऊ नये. पुन्हा उघडावी आणि पुढचा हप्ता लिहावा. नाताळच्या सुमारास भात घरात आलेले असते. त्या दिवसांत नव्या कपड्यांआधी कणगी भरावी आणि वहीतील एक नाव खोडावे. ज्या घरात ते नाव खोडले जाते, तेथे त्या रात्री सर्वांना शांत झोप लागते.