बेकरीमागचे अंगण

थंड हवेच्या गावी भट्टीतून नुकती निघालेली खारी उघड्यावर बसून चहाबरोबर खाण्यात जी लज्जत आहे, ती चार भिंतींत नाही. महाबळेश्वरच्या एका बेकरीवाल्याने दुकानामागील अंगणात बाके मांडली, ती पाहून म्हणूनच मला आनंद झाला.

पण ४,५०० फुटांवरचे अंगण म्हणजे आपल्या बडोद्याचे अंगण नव्हे. तेथे वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्या दिवसांत धुक्यात ठेवलेली खारी पाहता पाहता सर्द होते. मग कोणी सुचवितात, वर कायमचे पत्रे ठोका, खाली काँक्रीट करा. मला ते रुचत नाही. हा सारा मुलूख २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. बांधकामावर व वृक्षतोडीवर तेथे निर्बंध आहेत. पावसाळ्यात उचलून आत नेता येतील अशी बाके, पाणी जिरेल अशी मुरमाची जमीन आणि जांभळाची सावली एवढे पुरे. माकडांच्या भयाने बशीवर झाकण मात्र हवेच.

मी पडलो गाण्याचा मास्तर. तेव्हा आणखी एक विनंती. तेथे ध्वनिक्षेपक लावू नये. खोलीत भिंती आवाज परतवितात. उघड्यावर तो विरतो, म्हणून लावणारा तो वाढवीतच जातो. मग शेजारच्याशी बोलायलाही ओरडावे लागते. माझे वडील दरबारी गवई. षड्ज लावण्यापूर्वी ते सभा शांत होण्याची वाट पाहत. डोंगरावर ती शांतता आयतीच मिळते. बेकरीवाल्याने खारीबरोबर गिऱ्हाइकाला तीही द्यावी.