प्रकाशालाही पीळ असतो? पुण्यात चांदीच्या तारांनी तो ओळखलाय

मानपाड्यातल्या सोसायट्यांमध्ये घरोघरी फायबर पोचलंय. त्यातून येणारे व्हिडीओ, मेसेज, सगळं प्रकाशाच्या रूपात येतं. एकाच फायबरमधून जास्त माहिती पाठवायची नेहमीची युक्ती म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश एकाच वेळी सोडणं. त्यालाही मर्यादा आहे. म्हणून शास्त्रज्ञ आता प्रकाशाचा आकारच बदलून बघताहेत.

लेझर पॉइंटरचा ठिपका मधोमध सर्वांत तेजस्वी असतो. पीळ दिलेल्या प्रकाशाचं उलटं. त्याच्या लहरी गोल जिन्यासारख्या वळत पुढे जातात, मध्यभागी एकमेकींना पुसून टाकतात आणि पडद्यावर उमटतो चक्क मेदूवडा! भोवती उजेड, मधे काळोख. असा प्रकाश स्वतःसोबत फिरकीही नेतो, हे १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी मांडलं. तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियात या प्रकाशाने सूक्ष्म कण खरोखर गरगर फिरवून दाखवले.

पीळ डावा की उजवा, वेढे किती, यानुसार प्रत्येक प्रकार माहितीची वेगळी मार्गिका होऊ शकतो. २०१३ मध्ये खास बनवलेल्या १.१ किलोमीटर फायबरमधून अशा प्रकाशाने सेकंदाला १.६ टेराबिट माहिती पाठवली गेली. ‘खास बनवलेल्या’ हे महत्त्वाचं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आपल्या घरी येणाऱ्या साध्या फायबरमध्ये प्रकाशाचा पीळ टिकतच नाही.

दुसरी अडचण पलीकडच्या टोकाला आहे. आलेला पीळ ओळखायचा कसा? त्यासाठी लागणारी भिंगं-आरसे टेबलभर पसरतात. चिपवर मावायचं तर काहीतरी इवलंसं हवं.

इथे पुण्यातल्या आयसरचं काम येतं. प्रा. जी. व्ही. पवन कुमार यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चांदीच्या नॅनोतारा वापरल्या. जाडी केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. चांदीच का? प्रकाश पडताच तिच्यातले मोकळे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर एकत्र हिंदकळतात आणि प्रकाशाला अतिशय अरुंद जागेत धरून ठेवतात. आपोआप शेजारी-शेजारी जुळलेल्या तारांवर पिळाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशाच्या नक्षीवरूनच पीळ कुठल्या बाजूचा आणि किती वेढ्यांचा हे कळतं.

तारा इवल्या असल्या तरी ती नक्षी बघायला अजून प्रयोगशाळेतला मोठा मायक्रोस्कोपच लागतो.