टॉवरविना निरोप पोचवणारे जाळे

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचा संपर्क तुटला. अशा पुरात आधी वीज जाते. मग मोबाइलचा टॉवर बॅटरी आणि डिझेलवर जेमतेम तग धरतो. तो बंद पडला, की शेजारच्या घरातला फोनही लागत नाही. खरे तर प्रत्येक फोनमध्ये स्वतःचा रेडिओ असतो. वायफाय किंवा ब्लूटूथवरून दोन फोन थेट बोलू शकतात. अशी बिनटॉवरची उपकरणे एकमेकांचे निरोप पुढे ढकलत जे जाळे उभे करतात, त्याला अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1970 च्या दशकातच रणांगणासाठी असे 'पॅकेट रेडिओ' जाळे बांधायला घेतले होते.

या जाळ्याचा नकाशा कुणाकडेच नसतो. उपकरणे हलतात, बंद पडतात, नवी येतात. तरीही निरोप योग्य ठिकाणी कसा पोचतो, हे ठरवणारे नियम म्हणजे रूटिंग प्रोटोकॉल. त्यांतल्या एका पायाभूत प्रोटोकॉलशी पुण्याचे नाते आहे. 1994 मध्ये लंडनला भरलेल्या, संगणकांच्या जाळ्यांवरील सिगकॉम परिषदेत आयबीएमचे चार्ल्स पर्किन्स आणि तेव्हा मेरीलँड विद्यापीठात असलेले प्रवीण भागवत यांनी डीएसडीव्ही हा प्रोटोकॉल मांडला. याच भागवतांनी पुढे वायफाय सुरक्षेवर काम करणारी एअरटाइट नेटवर्क्स ही कंपनी उभारली आणि तिचे तांत्रिक काम पुण्यातून चालवले. नंतर मोजो नेटवर्क्स या नावाने ती 2018 मध्ये अरिस्टा कंपनीत विलीन झाली.

डीएसडीव्हीची युक्ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या परिसरात ठेवून पाहू. समजा, दूधगंगेकाठी बिद्री, बाचणी, सिद्धनेर्ली आणि कागल अशी चार यंत्रे ओळीने आहेत आणि प्रत्येकाला फक्त शेजारचे यंत्र ऐकू येते. कागल किती टप्प्यांवर आहे याचा तक्ता प्रत्येकाकडे असतो आणि तो ठरावीक वेळाने शेजाऱ्याला सांगितला जातो. आता सिद्धनेर्ली-कागल दुवा तुटला. तेवढ्यात बाचणीचे जुनेच वाक्य येते, 'कागल माझ्यापासून दोन टप्प्यांवर.' सिद्धनेर्ली त्यावर विश्वास ठेवून स्वतःचे अंतर तीन लिहिते, ते ऐकून बाचणी चार लिहिते आणि आकडे फुगतच जातात. मधले निरोप दोघांत नुसते फिरत राहतात.

यावरचा उपाय विलक्षण साधा आहे. कागलबद्दलच्या बातमीवर सम क्रमांक टाकायचा तो फक्त कागलनेच. समजा, चालू क्रमांक 208 आहे. दुवा तुटताच सिद्धनेर्ली त्यापुढचा विषम क्रमांक, 209, टाकून 'कागलला वाट नाही' असे कळवते. बाचणीकडची 208 ची बातमी त्यापुढे जुनी ठरते आणि खोडली जाते. कागल पुन्हा जोडले गेले की ते स्वतः 210 पाठवते आणि वाट परत उघडते. कोणती बातमी ताजी, हा गुंता एका आकड्याने सुटतो. मला तर या साऱ्या शास्त्रातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते.

डीएसडीव्हीसारखे प्रोटोकॉल गरज असो वा नसो, तक्ते ताजे ठेवतात. फ्रान्समध्ये घडलेला ओएलएसआर याच वर्गातला. त्यात प्रत्येक यंत्र मोजकेच शेजारी निवडते आणि आपली बातमी पुढे नेण्याचे काम त्यांनाच देते, त्यामुळे गोंगाट कमी होतो. दुसरा वर्ग गरजेपुरती वाट शोधणारा. डीएसआर आणि एओडीव्ही निरोप पाठवायची वेळ आली की दवंडी पिटावी तशी चौकशी सगळीकडे सोडतात आणि उत्तर आले की त्या वाटेने निरोप धाडतात. डीएसआर सगळी वाट निरोपावरच लिहितो, तर एओडीव्हीत प्रत्येक यंत्राला फक्त पुढचा टप्पा ठाऊक असतो. ताज्या बातमीचा क्रमांक मात्र एओडीव्हीनेही ठेवला, कारण त्याच्या कर्त्यांतही पर्किन्स होतेच. त्याचा तपशील 2003 मध्ये आरएफसी 3561 या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला आणि झिगबी या कमी विजेवरच्या रेडिओ-मानकाच्या उपकरणांनीही तीच पद्धत उचलली. जवळपास तक्ता आणि दूरवर चौकशी असा मेळ घालणारा झेडआरपी, आणि जीपीएसवरून दिशा धरून निरोप पुढे सरकवणारा जीपीएसआर, हेही याच कुळातले.

बिद्रीला या शास्त्राची परीक्षा उसात होईल. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा हा परिसर. लावणीनंतर रान मोकळे असते, तेव्हा बांधावरचे दोन सेन्सर एकमेकांना स्वच्छ ऐकतात. ऊस डोक्याच्या वर गेला, की पाण्याने भरलेली पाने रेडिओलहरी शोषतात आणि तोच दुवा क्षीण होतो किंवा तुटतो. तोड झाली, की तो पुन्हा जुळतो. म्हणजे यंत्रे जागची हलली नाहीत तरी जाळ्याचा आकार हंगामागणिक बदलतो. मातीतील ओल मोजणाऱ्या यंत्रांची माहिती एकाच ठिकाणी जायची असते, म्हणून तिथे 2012 मध्ये प्रमाणित झालेला, झाडासारख्या फांद्या करणारा आरपीएल बरा. पुरातल्या बोटींवरच्या रेडिओ संचांची जागा मात्र सतत बदलते, तिथे माझे मत एओडीव्हीच्या बाजूने आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला असे प्रयोग नवे नाहीत. 1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आधाराने सुमारे 70 गावे संगणकांनी जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला होता.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. एनएस-3 हे जाळ्यांचे सिम्युलेटर मोफत मिळते. आपापसांत जाळे करू शकणारे ईएसपी-32 बोर्ड काही शे रुपयांना येतात. चार बोर्ड घ्या, बिद्रीच्या एखाद्या शेतकऱ्याची परवानगी काढा आणि ऊस उभा असताना व तोडीनंतर, अशा दोन्ही वेळी किती निरोप पोचले ते मोजा.