पाण्यातले तीन टक्के

आगीवर टाकायचा फेस तयार होतो तो पाणी, हवा आणि फोम कंपाउंड यांच्यापासून. कंपाउंडचा भाग सर्वांत लहान, 1, 3 किंवा 6 टक्के. तेवढाच भाग पाण्यात अचूक मिसळत राहण्याचे काम प्रोपोर्शनर नावाचे उपकरण करते. त्याला अखंड कंपाउंड पोहोचवणे ही या यंत्रणेतली सर्वांत दुर्लक्षित कडी आहे.

लातूर-नांदेड पट्ट्यात ही यंत्रणा लागते ती तिथल्या उद्योगांमुळे. सोयाबीनमधून तेल काढणाऱ्या कारखान्यांत हेक्झेन हे ज्वालाग्राही द्रावक वापरतात. ते पाण्यावर तरंगते, म्हणून पाण्याच्या फवाऱ्याने त्याची आग विझण्याऐवजी पसरते. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत, उदाहरणार्थ लातूरजवळच्या विलासनगरच्या मांजरा कारखान्यात, मळीपासून अल्कोहोल तयार होते. ते पाण्यात पूर्ण मिसळते आणि साध्या फेसातले पाणी शोषून त्याचा थर मोडून टाकते. त्यासाठी अल्कोहोलरोधक कंपाउंड लागते. त्यातील पॉलिमरमुळे द्रवावर चिवट पापुद्रा धरतो आणि फेस त्यावर टिकतो. डिस्टिलरीसाठी साधे, स्वस्त कंपाउंड घेणे ही बचत नव्हे, उघड धोका आहे.

किती साठा हवा, ते गणितानेच ठरते. भारतातील तेलसाठ्यांसाठीच्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या (ओआयएसडी) मानकात स्थिर छताच्या टाकीला दर चौरस मीटरला मिनिटाला 5 लिटर फोमद्रावण आणि 65 मिनिटांचा काळ धरतात. 20 मीटर व्यासाच्या टाकीचे क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला 1,570 लिटर द्रावण. 3 टक्क्यांच्या कंपाउंडने मिनिटाला 47 लिटर आणि पूर्ण काळात सुमारे 3,060 लिटर कंपाउंड लागते. उरलेले 99 हजार लिटर पाणी. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पोहोचलेल्या पहिल्या पाणीगाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. म्हणजे त्यातल्या दोन वाघिणी एका टाकीच्या फेसातच संपतील, आणि शेजारच्या टाक्या थंड ठेवण्याचे पाणी वेगळेच. मराठवाड्यात पाण्याचा राखीव साठा कंपाउंडइतकाच जपावा लागतो.

लहान आगीसाठी बंबावर लाइन इंडक्टर असतो. पाण्याच्या वेगाने निर्माण होणाऱ्या शोषणावर तो जेरीकॅनमधून कंपाउंड ओढतो. मिनिटाला 225 लिटरच्या इंडक्टरला 3 टक्क्यांनी 6.75 लिटर कंपाउंड लागते, म्हणजे 20 लिटरचा कॅन तीन मिनिटांत रिकामा. एक माणूस सतत पुढचा कॅन उघडून तयार ठेवत नसेल, तर नळीत हवा शिरते आणि फेसाऐवजी नुसते पाणी जाते. शिवाय इंडक्टरमध्ये दाबाचा साधारण एक तृतीयांश भाग खर्च होतो. नळी फार लांब असली किंवा फेस सोडणारा ब्रँच पाइप खूप उंचावर नेला की शोषण थांबते.

मोठ्या टाक्यांजवळ ब्लॅडर टँक बसवतात. पोलादी टाकीतल्या रबरी पिशवीत कंपाउंड असते. बाहेरून पाण्याचा दाब पिशवी दाबतो आणि कंपाउंड प्रोपोर्शनरकडे जाते. वीज लागत नाही, ही ग्रामीण कारखान्यांसाठी मोठी सोय. पण टाकी रिकामी झाली की ती बंद करून, पाणी सोडून, हवा काढून सावकाश भरावी लागते. आगीच्या मध्यावर हे शक्य नसते. पिशवी फाटली तरी बाहेरून कळत नाही. नमुना काढून पाहिल्यावरच पाणी मिसळल्याचे लक्षात येते. साध्या टाकीतून स्वतंत्र पंपाने कंपाउंड पुरवण्याच्या पद्धतीत वीज किंवा डिझेल इंजिन लागते, पण पिंपे आणून टाकी चालू स्थितीत भरत राहता येते. लांबणाऱ्या आगीत हा फायदा निर्णायक ठरतो.

अल्कोहोलरोधक कंपाउंड दाट असते. पातळ कंपाउंडसाठी बनवलेला इंडक्टर त्याचे कमी प्रमाण ओढतो आणि हिवाळ्याच्या थंड पहाटे तर आणखी कमी. म्हणून शोषण नळी आखूड व रुंद हवी आणि उपकरण नेमक्या त्याच कंपाउंडसह तपासलेले हवे. उन्हाळ्यात उलटी अडचण. बहुतेक कंपाउंडची साठवण मर्यादा 50 अंशांच्या आसपास असते आणि पत्र्याच्या बंद शेडमध्ये मराठवाड्याचे ऊन तिथवर पोहोचू शकते. पिंपे सावलीत, हवेशीर जागी ठेवावीत. टाकी भरताना कंपाउंड उंचावरून ओतू नये, नाहीतर आतच फेस होऊन पंप हवा ओढतो. दोन कंपन्यांचे कंपाउंड एकत्र केल्यास गाठी होऊन गाळणी बुजू शकते. भारतात कंपाउंडचा दर्जा आयएस 4989 ठरवते, पण या मानकात बसणारी दोन कंपाउंड एकमेकांत मिसळता येतीलच असे नाही.

विमानतळावरील बंबांतही हाच प्रश्न आहे. पाण्याच्या किमान दोन टाक्यांना पुरेल इतके कंपाउंड गाडीवरच असावे, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पाणी पुन्हा भरता येते, कंपाउंड मात्र धावपट्टीवर शोधून मिळत नाही.

मिश्रण योग्य आहे का, हे रिफ्रॅक्टोमीटरने किंवा विद्युतवाहकता मोजून कळते. 3 टक्क्यांच्या कंपाउंडसाठी 3 ते 3.9 टक्के हे स्वीकार्य प्रमाण मानले जाते. कमी पडले तर फेस टिकत नाही, जास्त झाले तर साठा वेळेआधी संपतो. स्टॉकहोम करारात 2009 साली पीएफओएस आणि 2019 साली पीएफओए या कंपाउंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर निर्बंध आल्यापासून फ्लोरिनविरहित कंपाउंड वाढत आहेत. त्यातली अनेक जास्त दाट असल्याने, जुन्या टाकीत नुसते नवे कंपाउंड ओतून चालत नाही. टाकी व नळ्या आधी धुवाव्या लागतात आणि प्रोपोर्शनर नव्या द्रवासह पुन्हा तपासून घ्यावा लागतो.