एकट्याची सागरपरिक्रमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा म्हटलं की वाटतं, हा माणूस महिनोन्‌महिने सुकाणू धरून बसत असणार. तसं कुणालाच झेपणार नाही. एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत विजेवरचा ऑटोपायलट चालत नाही, जीपीएसही वापरता येत नाही. सुकाणू सांभाळतो तो 'विंड व्हेन'. बोटीच्या मागच्या टोकाला एक फळी उभी असते. बोटीची दिशा चुकू लागली की वारा फळी कलंडवतो, त्यासरशी पाण्यातलं वल्ह्यासारखं पातं वळतं, पाण्याचा जोर त्याला बाजूला ढकलतो आणि दोरांमार्फत सुकाणू ओढलं जातं. तेवढ्यात माणूस झोपेचा एखादा तुकडा पदरात पाडून घेतो, शिडं शिवतो, रांधतो.

हे यंत्र मोडलं तर? २०२२च्या शर्यतीत सर्वांत पुढे असलेल्या सायमन कर्वेनला दुरुस्तीसाठी चिलीत थांबावं लागलं आणि तो मुख्य गटातून बाद झाला. भारताच्या अभिलाष टॉमींनी मात्र शौचालयाच्या दारातून पातं घडवलं आणि दुसरा क्रमांक मिळवला. माझ्या मते या शर्यतीत शौर्याइतकीच सुतारकामाची परीक्षा असते.

वादळ हाच खरा शत्रू, हाही अर्धाच खरा समज. २०१८मध्ये फिनलंडच्या टापिओ लेहटिनेनच्या बोटीच्या तळाला शिंपल्यांसारख्या बार्नेकल्सचा थर चढला आणि तिचा वेगच मेला. विजेता २१२ दिवसांत पोहोचला, टापिओला ३२२ लागले.

संकटात हेलिकॉप्टर येईल, हा भरवसा तर अगदीच फोल. भर महासागरात ते पोहोचूच शकत नाही. त्याच २०१८च्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात टॉमींची बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीचे मणके दुखावले. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांना शोधलं, पण उचलणार कसं? फ्रेंच गस्ती जहाज पोहोचेपर्यंत तीन दिवस ते बोटीत पडून होते. २०२२मध्ये टापिओची बोट बुडाली, तेव्हा त्याला तराफ्यावरून वाचवलं प्रतिस्पर्धी कर्स्टन नॉयशेफरने. बचावात गेलेला वेळ आयोजकांनी तिला भरून दिला. पुढे तिने शर्यतही जिंकली; एकट्याच्या जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

आणि हा खेळ परक्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असं म्हणणाऱ्यांनी गोव्यातलं दिवाडी बेट आठवावं. तिथल्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही बोट बांधली गेली. तिच्यातून २००९-१०मध्ये दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. ती शर्यत नव्हती. वाटेत चार मुक्काम झाले. पुढे त्याच बोटीतून टॉमींनी कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. २०१८ची त्यांची 'थुरिया'ही दिवाडीचीच, 'सुहेली'च्या आराखड्यावर बांधलेली. १९६८च्या पहिल्या 'गोल्डन ग्लोब'मध्ये नऊ जण निघाले, एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन शर्यत पूर्ण करून परतले. त्यांची ही 'सुहेली' मुंबईत, सागवानात बांधलेली होती.