समाजकार्याची पदवी: पगार आणि कर्जाचा हिशोब

समाजकार्याच्या शिक्षणाकडे बहुतेक विद्यार्थी आस्थेपोटी वळतात. त्यासाठी काढलेले कर्ज मात्र पगारातूनच फेडावे लागते. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि तो वाढतोही सावकाश. त्यामुळे कुठे शिकायचे याबरोबरच त्यासाठी किती कर्ज काढायचे, हेही प्रवेशाआधीच ठरवायला हवे.

भारतात या विषयाचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ मध्ये आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. आज महाराष्ट्राच्या सर्व भागांत समाजकार्य महाविद्यालये आहेत आणि त्यांपैकी अनेकांना सामाजिक न्याय विभागाचे अनुदान मिळते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे एमएसडब्ल्यूला, साधारणपणे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश घेता येतो. समाजकार्याची पहिली पदवी, म्हणजे बीएसडब्ल्यू, झालेलीच असावी असे नाही.

खर्च मोजताना केवळ शुल्क पाहून चालत नाही. वसतिगृह, खानावळ, आठवड्यातले क्षेत्रकार्याचे दिवस आणि त्यासाठीचा प्रवास, ग्रामीण शिबिर, अभ्यास दौरा हे सगळे त्यात धरावे लागते. नोकरी सोडून शिकणाऱ्याने दोन वर्षांचा बुडालेला पगारही त्यात मिळवावा. घराजवळचे अनुदानित महाविद्यालय आणि दूरच्या शहरातली विनाअनुदानित संस्था यांच्या एकूण खर्चात मोठी तफावत पडते. नोकरी करत शिकायचे असेल तर इग्नूचा दूरशिक्षणाचा एमएसडब्ल्यू हा स्वस्त पर्याय आहे. पण क्षेत्रकार्य तिथेही चुकत नाही.

मिळकत नोकरी कोणत्या ठिकाणी मिळते यावर ठरते. कायद्यानुसार मोठ्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमावा लागतो. रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात आणि एचआयव्ही समुपदेशन केंद्रांत समाजकार्याच्या पदवीधरांना संधी असते. कंपनी कायदा, २०१३ ने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून त्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआर, विभागांतही नोकऱ्या निर्माण झाल्या. नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन सहायक प्राध्यापक झाल्यास सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. अशा कायम जागा थोड्या असतात. बाल संरक्षण आणि आरोग्य प्रकल्पांतली बरीच पदे कंत्राटी असतात.

स्वयंसेवी संस्थांतले पगार कमी असण्याचे कारण त्यांच्या निधीच्या रचनेत आहे. देणगीदार पैसे देतो ते ठरावीक प्रकल्पासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी. प्रकल्प संपला की पदही संपते. शिवाय परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. कर्जाचा हप्ता मात्र प्रकल्प चालू आहे की बंद, हे पाहत नाही.

शैक्षणिक कर्जाची परतफेड बँकांच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागते. उदाहरणादाखल, दोन वर्षांत दीड-दीड लाख असे तीन लाखांचे कर्ज दहा टक्के दराने घेतले असे समजू. परतफेड सुरू होईपर्यंतच्या तीन वर्षांत सुमारे ७५ हजार रुपये सरळव्याज साठते. ते मुद्दलात मिळवून सात वर्षांत फेडायचे ठरवल्यास महिना हप्ता सुमारे ६,२०० रुपये येतो आणि एकूण परतफेड सव्वापाच लाखांच्या आसपास जाते. हातात २० हजार रुपये येत असतील तर जवळजवळ तिसरा हिस्सा हप्त्यातच जातो. शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास हा भार बराच कमी होतो.

सवलती पाहून मगच कर्जाची रक्कम ठरवावी. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास अटींनुसार दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे आधी तपासावे. महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज कर्जाच्याही आधी करावा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील आयकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि करपात्र उत्पन्नच नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

शेवटचा निर्णय घेताना संस्थेच्या नावापेक्षा तिथल्या पदवीधरांची माहिती कामाची ठरते. मागच्या दोन-तीन तुकड्यांतील किती जणांना नोकरी लागली, कोणत्या पदावर, कायम की कंत्राटी आणि हातात किती पगार मिळतो, हे माजी विद्यार्थ्यांना विचारावे. सर्वाधिक पगाराचे एखादे उदाहरण न धरता मधल्या विद्यार्थ्याचा पगार धरावा. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित मिळकतीपेक्षा कमी आणि हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या आत, हा सावध आडाखा आहे. जास्त शुल्काच्या संस्थेतून सीएसआर किंवा अध्यापनाची वाट खरोखर उघडत असेल, तर जादा खर्चाला अर्थ आहे. आदिवासी भागात, वस्तीत किंवा बालगृहात काम करायचे हे पक्के असेल, तर कमी खर्चाची अनुदानित जागाच शहाणपणाची. कारण डोक्यावर मोठे कर्ज असलेल्या पदवीधराला जास्त पगाराची, पण मनाविरुद्धची नोकरी धरावी लागते, आणि ज्या कामासाठी तो शिकला तेच हातातून सुटते.