बर्लिनची भिंत, पटावरची

ऑक्टोबर २००० मध्ये लंडनला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा पहिला डाव २५ चालींत बरोबरीत सुटला. गुणतक्त्यावर दोघांना अर्धा-अर्धा गुण. पण पांढरी मोहरी होती १९८५ पासून जगज्जेता म्हणून मिरवणाऱ्या गॅरी कास्पारोवकडे, आणि काळी २५ वर्षांच्या व्लादिमिर क्रामनिककडे. या पातळीवर पहिली चाल ज्याची, पुढाकार त्याचा. त्यामुळे त्या दिवशी समाधानाने उठावं, असा एकटा क्रामनिकच होता.

त्याने हे साधलं कसं? कास्पारोवने रुय लोपेझ पद्धतीने सुरुवात केली : राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. बहुतेक खेळाडू इथे कडेचं प्यादं सरकवून त्या उंटाला हुसकतात. क्रामनिकने मात्र दुसरा घोडा काढून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर रोखला. हाच बर्लिन बचाव. कास्पारोवने कॅसलिंग केलं, घोड्याने ते प्यादं टिपलं आणि आठव्या चालीला वजिरावजिरी झाली. वजीर मारायला काळा राजाच पुढे आला, म्हणजे त्याचं कॅसलिंगही गेलं.

वरवर पाहता काळ्याची दैनाच. राजा उघड्यावर, एकाच पट्टीत एकामागे एक दोन प्यादी. सगळी मोठी मोहरी मारली गेली, तर राजाच्या बाजूची पांढरी चार प्यादी काळ्या तिघांना भारी पडतात. पण काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत असतात, आणि पटावर वजीरच नसेल तर उघड्या राजाला मात देणं सोपं नसतं. कास्पारोवचा दरारा होता झंझावाती हल्ल्याचा. इथे त्याला चिकाटीने एंडगेम खेळत बसावं लागलं.

त्या लढतीत हा बचाव चार डावांत आला आणि चारही बरोबरीत सुटले. तेरावा तर अवघ्या १४ चालींत. क्रामनिकने पांढऱ्या मोहऱ्यांनी दोन डाव जिंकले. कास्पारोवला १५ डावांत एकही जिंकता आला नाही आणि ८.५–६.५ अशा फरकाने जगज्जेतेपद गेलं.

‘बर्लिनची भिंत’ हे नाव तेव्हापासून रूढ झालं. आपल्याकडे ती दिसली २०१३ मध्ये चेन्नईत. विश्वनाथन आनंदविरुद्ध मॅग्नस कार्लसनने काळ्या मोहऱ्यांनी चौथा डाव ६४ चालींनंतर बरोबरीत सोडवला. सहाव्यात पुन्हा बर्लिनच खेळून चक्क जिंकला. पुढच्याच वर्षी सोचीत आनंदने हा बचाव घेतला, तर पांढऱ्या मोहऱ्यांच्या कार्लसनने अकराव्या डावात तो फोडून लढतच संपवली. तेव्हा आठव्या चालीला वजीर गेले, आता बरोबरीच, असं म्हणून प्रक्षेपण बंद करू नये.